डाव्या स्पीकरातली घरघर

आचरे,
२४ नोव्हेंबर २०२५

बाबली,

वर 'चिरंजीव' लिहिलं नाही, 'श्री.' पण लिहिलं नाही. काय लिहावं ते अकरा वर्षांत ठरलं नाही, म्हणून नुसतं नाव. 'तुम्ही' म्हणून लिहायचा विचार होता. दोन ओळी लिहून बघितल्या, तर तहसीलदाराला अर्ज केल्यासारखं वाटलं. फाडून टाकलं.

फोन केला असता, पण तुझा नंबर माझ्याकडे नाही. तो रसिकाकडे आहे हे मला परवा कळलं. माझी मुलगी, माझ्या घरात राहून, माझ्या पाठीमागे काकाशी बोलते! विचारलं तर काय म्हणते माहीत आहे? "बाबा, तुमचा भांडान तुमच्याकडे. माझो काको माझ्याकडे." तुझी सावित्रीवहिनी भाकरी थापता थापता खाली मान घालून हसत होती. नंबर दिला नाहीच, दोडामार्गचा पत्ता तेवढा मिळाला.

आता कामाचं. चौदा डिसेंबरला, रविवारी दुपारी, देवळासमोर मंडप घालून गाव माझा सत्कार करणार आहे. भजनात चाळीस वर्षं झाली म्हणून. शाल घालायला गुरुदास बुवा येणार आहे. होय, तोच. आम्ही दोघं एकाच गुरूच्या ओट्यावर शिकलो, म्हणून मंडळानं त्याला बोलावला. येवंदे. मी मुद्दामच हो म्हटलं.

कारण त्या दिवशी मी तुझी ती सीडीची तबकडी लावणार आहे. डबलबारीची, गुरुदासची नि माझी भजनाची झुंज झाली त्या दिवसाची. तूच पोस्टानं पाठवलेली, वर तुझ्या बारीक अक्षरात लिहिलेलं, 'डाव्या स्पीकरात दादा, उजव्या स्पीकरात गुरुदास बुवा.' पहिली दोन मिनिटं लावणार. डाव्या बाजूची ती घरघर गावानं ऐकू दे. माझा आलाप आणि त्याच्याखाली भूंऽऽ करणारा तुझा पराक्रम. उजवी बाजू कशी, तर आरशासारखी स्वच्छ! गेली अकरा वर्षं घरी आलेल्या प्रत्येक माणसाला मी हे ऐकवलं आहे. आता सगळ्यांना एकदम ऐकवतो.

फेब्रुवारी २०१४ तू विसरला नसशील. बारी ऐन रंगात आणि माझा माइक गेला. मी तोंड हलवतोय आणि मंडपात आवाज नाही. लोक हसले रे! गुरुदासनं बारी मारली. आणि साउंड कोणाचं, तर माझ्या सख्ख्या भावाचं. तू माझी वायर जनरेटरच्या वायरीला चिकटवून टाकलीस आणि ऐन वेळी बटण खाली ओढलंस. तुला गुरुदासच्या माणसांनी पैसे देऊन फोडला. मी तेव्हा म्हटलं, आज म्हणतो, चौदा तारखेला माइकवर म्हणणार. तू एवढंच म्हणालास, "दादा, वायर बरोबर होती." पुढं एक अक्षर नाही. ज्याचं मन साफ असतं तो असा गप्प राहतो?

आणि वायरींचं शास्त्र गावाला शिकवणारा तूच ना! लायटीची वायर नि माइकची वायर अंगाला अंग लावून न्यायची नाही, हातभर अंतर ठेवायचं, ओलांडायचीच झाली तर आडवी ओलांडायची आणि मधे करवंटी ठेवायची. प्रत्येक मंडपात तुझ्या त्या करवंट्या, कडेला सुरीनं दोन खाचा पाडलेल्या. मी हसायचो. "वायरीक काय सोवळा-ओवळा आसता रे?" म्हणून विचारायचो. माझ्या वेळी बरी विसरलास करवंटी.

त्या दिवशी मी घशासाठी थोडं औषध घेतलं होतं, ते तू पुढं करशील. करू नकोस. थंडी होती.

माणसाच्या पाठीमागे बोलू नये, आधी कळवावं, असं मंडळाच्या जाणत्यांचं म्हणणं पडलं. कळवलं.

सत्यवान बुवा

*

आचरे,
३ डिसेंबर २०२५

बाबली,

तुझं उत्तर नाही. मी मागितलंही नव्हतं. पण आज लिहिल्याशिवाय बसवत नाही. अक्षर वाकडं येतंय, लावून घे.

सत्काराचं साउंड मालवणच्या अ‍ॅलनकडे दिलं आहे. तुझ्या हाताखाली शिकलेला तोच अ‍ॅलन, आता स्वतःचं दुकान आहे. तो म्हणाला, "बुवा, मंडपात आता तबकडी कोण लावणा नाय. माझ्याकडे हाडा, पेनड्राइव्हर घालतंय." तबकडी मी कोणाच्या हातात देत नाही हे तुला माहीत नसेल. कपाटात धोतरांच्या घडीत असते. मी स्वतः एसटीनं मालवणला गेलो. म्हटलं, माझ्या डोळ्यांसमोर काय ते कर.

त्यानं तबकडी घातली, दोन मोठ्या स्पीकरांवर लावली. पेटीचा सूर आला, झांज आली, मग माझा आलाप आला. मी बोट वर करून बसलो होतो, की आता बघ, आता घरघर सुरू होते. आलाप संपला. पखवाज सुरू झाला. घरघर नाही!

"अ‍ॅलन, घरघर खंय गेली?"

"खंयची घरघर, बुवा?"

मी उठून डाव्या स्पीकराला कान लावला. माझ्या शेजारी पेटीवाल्यानं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता रे! अकरा वर्षांत मी तो श्वास ऐकला नव्हता.  मग जो काय तोंडाचा पट्टा सोडला मी त्याच्यावर! तू साफ केलंस, कॉम्प्युटरवर काहीतरी केलंस, बाबलीनं फोन केला असणार, तुम्ही सगळे एकमेकांना सामील. दुकानात एक बाई मुलाचा मोबाइल घेऊन आली होती, ती तशीच परत गेली.

अ‍ॅलन काही चिडला नाही. तुझंच वळण. म्हणाला, "बुवा, मी काय एक करूक नाय. तबकडी फकत घातलंय. तुमका घरघर ऐकाक येता तर ती तबकडीत नाय, ती तुमच्या घरात आसा."

माझ्या घरात! म्हणजे काय म्हणायचं काय त्याला?

तबकडी घेऊन तसाच घरी आलो. पायातलं काढलं नाही, थेट लावली. भूंऽऽ. होती तशी. डाव्या बाजूला, माझ्या आवाजाच्या बुडाशी. मी सावित्रीला हाक मारली, "गो, ऐक, आसा मा?" ती म्हणाली, "आसा तर. ती रोजचीच." मग मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तबकडी एकच, मी एकच, आणि मालवणला एक ऐकू येतं, आचऱ्याला दुसरं. जेवण गेलं नाही.

अ‍ॅलन उद्या येतो म्हणालाय.

सत्यवान

*

आचरे,
४ डिसेंबर २०२५

बाबली,

मी खाली बसून लिहितोय. खुर्चीवर बसवेना.

अ‍ॅलन सकाळी आला. चहा नको म्हणाला, आधी गाण्याचा सेट बघूया. आमचा सेट तू पाहिलेला नाहीस. त्या वर्षी, चौदा साली, चतुर्थीला सावित्रीच्या भावानं मुंबईहून आणला. तुझी तबकडी तोवर सहा महिने पाकिटात तशीच पडली होती, रागानं मी पाकीट उघडलंच नव्हतं. गणपती गेले आणि मग या सेटवर ती पहिल्यांदा लावली. तेव्हाच घरघर ऐकली, आणि तेव्हाच पक्कं ठरलं की तू हलकट.

अ‍ॅलननं सेटवरची चादर काढली, टेबल पुढं ओढलं आणि मागं वाकला.  मग म्हणाला, "बुवा, ह्या कोणी बांधला?"

मी वाकून बघितलं. आवशीचो घोव! तबकडी वाजवायच्या मशीनपासून अ‍ॅम्प्लिफायरकडे दोन बारीक वायरी जातात, लाल उजवीकडची, पांढरी डावीकडची. लाल वायर सरळ गेली होती. पांढरी मात्र लोंबत होती म्हणून कोणीतरी इन्व्हर्टरच्या जाड वायरीबरोबर वेटोळं करून सुतळीनं घट्ट आवळली होती. एक सुतळी नव्हे रे. एकावर एक बारा. खालची काळी पडलेली, वरची यंदाची.

कोणीतरी म्हणजे मी. दुसरा कोण? चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधताना दरवर्षी त्या कोपऱ्यात मीच असतो. आरतीला माणसं येतात, पोरांच्या पायात वायर नको, म्हणून जी माटवीची सुतळी उरते तिचा एक फेरा मी तिथं मारतो. बारा चतुर्थ्या, बारा फेरे. गणपतीच्या पाठीमागे बसून, माझ्या या हातांनी.

अ‍ॅलननं कात्री मागितली. मी दिली नाही, मीच कापल्या. पांढरी वायर सोडवून हातभर लांब धरली आणि तबकडी लावली. घरघर गेली. परत इन्व्हर्टरच्या वायरीला टेकवली. आली. लांब नेली. गेली. मी पाच वेळा करून बघितलं. सहाव्यांदा अ‍ॅलननं माझा हात धरला.

मी म्हटलं, मग ह्या स्पीकरांच्या जाड वायरी? त्यापण लादीवर वेड्यावाकड्या पडल्यात. सावित्रीकडून चार करवंट्या आणून त्या वायरी वर उचलून ठेवल्या. ऐकलं. खाली ठेवून ऐकलं. काडीचा फरक नाही. अ‍ॅलन हसला, "तेंका काय होणा नाय, बुवा. त्या दांडग्या आसत. ही पांढरी बारीक आसा, हिच्यात आवाज बारीक, म्हणान ती शेजारणीचा सगळा घेता. बाबलीकाकान माका ह्याच पयला शिकयलेला."

म्हणजे बघ. मी जन्मभर म्हणत आलो की वायर कशीही टाका, आवाज तोच. तुझी टवाळी केली. आणि तुझ्यावर आळ घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र एका दिवसात माझा तुझ्या शास्त्रावर विश्वास बसला! दोन्ही गोष्टी एकाच तोंडानं बोललो आणि मला त्याचं काही वाटलं नाही. रसिका दारात उभी होती.  बोलली असती तर बरं झालं असतं.

तरी एक गोष्ट उरते. वायर तू बरोबर टाकली होतीस, मानलं. मग माइक का बंद केलास? तो बंद झालाच होता. हजार माणसांनी बघितलं.

अ‍ॅलनला हेच विचारलं. तो चपला घालता घालता थांबला. "बुवा, तुमी तबकडी फुडे कधी ऐकलात?"

मी म्हटलं, पुढं काय ऐकायचं? दोन मिनिटांत कळतंच की.

"बाबलीकाको म्हणा होतो, दादान ती एकदा पुरी ऐकाक व्हयी. एकट्यान."

आणि गेला. बाबली, खरं सांगतो, अकरा वर्षांत तिसरं मिनिट मी ऐकलेलं नाही.

सत्यवान

*

आचरे,
७ डिसेंबर २०२५

बाबल्या,

ऐकली.

सावित्री आणि रसिका कणकवलीला बाजाराला गेल्या होत्या. दार लावून घेतलं. पांढरी वायर खिडकीच्या गजाला अडकवून लांब ठेवली आणि बसलो.

पहिले दोन अभंग बरे आहेत. बरे म्हणजे काय, चांगलेच आहेत, मलाच भरून आलं. मग गुरुदास उजवीकडून मला एक टोमणा मारतो, गाण्यात. डबलबारीत मारतातच, माणसं त्यासाठीच येतात. माझ्या पट्टीवर मारलेला, साधा. लोक हसतात. मग मी डावीकडून उत्तर द्यायला लागतो, आणि तो आवाज माझा आहे हे मला पहिल्यांदा कळलंच नाही. जीभ जड. शब्द घसरतायत. पहिल्या पत्रात मी औषध म्हटलं. औषध नव्हतं रे. बाटली होती आणि ती अर्धी झाली होती. देवाच्या मंडपात.

आणि मग मी गाणं सोडून बोलायला लागतो. गुरुदासच्या आईबद्दल. नर्मदाकाकीबद्दल.

मी ते शब्द इथं लिहीत नाही. लिहिले तर हा कागद मला घरात ठेवता येणार नाही. नर्मदाकाकीला जाऊन तेव्हा महिना झाला नव्हता. बाबल्या, आम्ही शिकत होतो तेव्हा गुरूच्या घराला लागून तिचं घर, आणि रोज सकाळी गुरुदासच्या ताटलीशेजारी माझी ताटली असायची. पेज आणि भाजलेला सुको बांगडो. चार वर्षं. माझी आई वारल्यावर ती मला म्हणाली होती, "आता तू माझो धाकटो." तिच्याबद्दल मी हे बोललो! माझ्या तोंडून! मी मशीन बंद केलं, बाहेर जाऊन विहिरीवर तोंड धुतलं, परत आलो, परत लावलं. तेच शब्द. माझाच आवाज. आता तर घरघरसुद्धा नव्हती, तिच्याआड लपायला.

पण त्याच जागी मंडपातला आवाज बदलतो. आधी माझा आवाज लांबच्या भोंग्यांतून परत येत असतो, तो एकदम थांबतो. म्हणजे तिथं तू बटण ओढलंस. पहिल्या घाण शब्दाच्या आधी, मी 'तुझी आवस' म्हटल्याबरोबर. तुला कळलं होतं मी आता काय बोलणार. तबकडीच्या वायरी तू माइकवरून थेट घेतल्या होत्यास म्हणून तिच्यात सगळं आलं. भोंग्यांत काहीच गेलं नाही. लोकांना दिसला तोंड हलवणारा एक बुवा, आणि ते हसले.

त्या हसण्यासाठी मी तुला घराबाहेर काढला.

मग तुझा आवाज येतो. तू माझ्या माइकशी वाकला असणार, अगदी जवळून येतो. "दादा, गप रव. माइक मी बंद केलंय. कोणी ऐकूक नाय. पाया पडतंय, गप रव." पुन्हा माझा आवाज, तुला शिवी. आणि मग एक चापट. हाताचीच, तिथं दुसरं काही नव्हतं. थापड मी तुला बारी संपल्यावर, घरी मारली, असं मी आजवर समजत होतो. ती तिथंच मारली होती, देवासमोर. आणि त्यानंतर तू काय म्हणतोस? "बरा. आता पानी पी."

मी संध्याकाळी भाईकडे गेलो. भाई म्हणजे आपला पखवाजवाला, त्या दिवशी माझ्या पाठीशी तीन हातांवर बसलेला. विचारलं, तुला माहीत होतं? तो पखवाजाला शाई घालत होता. मान वर केली नाही. म्हणाला, "आमका साथीवाल्यांका सगळ्यांका म्हायत होता, बुवा. बाबलीन आमका देवाक हात लावूक लावल्यान. तो म्हणालो, माझ्यार येवंदे, माइक बिघडलो म्हणान सांगा. बुवाचा नाव जाऊक नको."

मी तिथंच त्याच्या अंगणात रडलो. साठी उलटलेला बाप्या माणूस. भाईची सून पाणी घेऊन आली आणि परत आत गेली.

आता तुला कळलं का मी काय करणार होतो? ती तबकडी चौदा तारखेला, गावासमोर, भोंग्यांवर, गुरुदासला समोर बसवून! दोन मिनिटांनी अ‍ॅलननं ती वेळेवर थांबवली नसती तर? माझं पहिलं पत्र तुला मिळालं तेव्हा तू काय म्हणाला असशील? तरी तू मला फोन केला नाहीस, 'लावू नको' म्हटलं नाहीस. मग रसिका म्हणाली, अ‍ॅलनला तबकडी मागायला तूच सांगितलंस. पेनड्राइव्हचं निमित्त तुझं. अजूनही माझं झाकतोच आहेस!

तबकडी मोडून टाकावी असं आलं मनात. मोडली की संपलं. भाई बोलणार नाही, तू बोलणार नाहीस. शाल घेऊन मी गप्प घरी येतो. पण मग तीन तालुक्यांत 'भावाला विकणारा बाबली' म्हणून मी जे फिरवलं, ते कुठं जाणार? तू दोडामार्गला उगाच गेलास का? इथं तुला कोणी काम देईना म्हणून गेलास. ते मीच केलं.

चौदा तारखेला ये असं म्हणण्याचा मला अधिकार नाही. म्हणत नाही.

दादा

*

आचरे,
१५ डिसेंबर २०२५

बाबल्या,

काल झालं ते रसिका तुला सांगेल, पण माझ्याकडून ऐक.

मंडप भरलेला. मंडळाचे अध्यक्ष माझ्याबद्दल एवढं चांगलं बोलले की मी खिशातला कागद दोनदा चाचपला. गुरुदास पांढरा सदरा घालून शेजारी बसला होता, शाल मांडीवर. त्याचेही केस गेले रे. मला हळूच म्हणाला, "सत्या, तुझो आवाज अजून तसोच आसा हां." मला वाटलं जमीन दुभंगेल तर बरं.

मी म्हटलं, शाल नंतर. आधी मी बोलतो.

काय बोलायचं ते लिहून नेलं होतं, शुद्ध मराठीत. कागद काढलाच नाही. मालवणीतच बोललो. म्हटलं, चौदा सालच्या बारीत माझो माइक बंद झालो तो वायरीन नाय, बाबलीन बंद केल्यान, आणि बरा केल्यान. मी दारू पिवन बसललंय. आणि मी नर्मदाकाकीचा नाव घेवन जा बोललंय, ता तुमच्या कानार पडला असता तर तुमी माका ह्या देवळाची पायरी चढूक दिला नसता. बाबलीक कोणी फोडूक नव्हतो. मी खोटा सांगलंय. अकरा वर्सां.

 सावित्री पहिल्या रांगेत ताठ बसली होती. मी गुरुदासकडे वळलो, त्याच्या पायाला हात लावायला वाकलो. तो मागं सरकला. उठला. शाल होती तशी घडी करून सावित्रीच्या हातात दिली आणि मंडपातून चालत गेला. त्याची गाडी सुरू झालेली सगळ्यांनी ऐकली. त्याला मी दोष देत नाही. आई त्याची होती. मी आज सकाळी त्याच्या घरी जाऊन आलो, दार उघडलं नाही. उद्या परत जाणार आहे.

लोक उठले. काही माझ्याशी बोलले, बरेच बोलले नाहीत. सावित्रीनं पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "चला, पेज करतंय." मी म्हटलं, तू हो पुढं. मी एकटाच व्यासपीठाच्या मागं गेलो, का गेलो ते माहीत नाही. अ‍ॅलन वायरी गुंडाळत होता. तिथं माझ्या माइकची वायर जनरेटरच्या वायरीवरून जात होती. आडवी. आणि मधे करवंटी.

"अ‍ॅलन, ही तू ठेवलंस?"

त्यानं बघितलं.  "नाय, बुवा. मी आता विटेचो तुकडो ठेवतंय."

मी ती उचलली. कडेला सुरीनं पाडलेल्या दोन खाचा. ताज्या, आतून अजून पांढऱ्या. खाली माती अजून दंवानं ओली होती, म्हणजे सकाळीच ठेवलेली. मी मंडपाबाहेर धावलो, वय विसरून. रस्त्यापर्यंत गेलो. कोणी नव्हतं. रसिकाला विचारलं, ती दुसरीकडे बघायला लागली आणि तिचे डोळे भरले.

तू इललंस. तू येवन माझी वायर सरळ केलंस, मी काय बोलतंय ता खंयतरी उभो रवान ऐकलंस, आणि माका तोंड न दाखवता गेलंस. आरे मेल्या, कित्या गेलंस?

करवंटी माझ्याकडे आसा. सेटाच्या मागे ठेवलंय, तुझी पांढरी वायर आता तिच्यारसून जाता. तबकडी पण आसा. ती मी मोडूक नाय, तू मोड. तुझी आसा.

आणि एक गोष्ट. ती थापड तबकडीत डाव्या स्पीकरात ऐकाक येता, माझ्या माइकात पडली म्हणान. मी काल परत दोनदा ऐकलंय. खंयच्या गालार मारललंय, ता माका आठवणा नाय. तू येवन सांग.

दादा